जावईबापूंची स्पेनची बाटली

माझे सासरे पुलगावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते, आणि ते अध्यक्ष असताना आमच्या घरात काही वर्षं दारूची एक बाटली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच छपराखाली कशा नांदल्या, ते सांगते.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. सेवाग्राम आमच्या जिल्ह्यात, पवनार आमच्या जिल्ह्यात, तेव्हा दुसरं काही होणंही शक्य नव्हतं. पण पुलगावच्या माणसाची देवानं एक सोय करून ठेवली आहे. गावाबाहेर वर्धा नदी, नदीवर पूल, आणि पुलाच्या पलीकडे अमरावती जिल्हा. तिथे बंदी नाही. त्यामुळे संध्याकाळी पुलावरून सायकली सरळ जायच्या आणि वाकड्या यायच्या. मामाजी दर शनिवारी समितीची माणसं घेऊन पुलाच्या अलीकडच्या टोकाला सतरंजी अंथरायचे आणि भजन म्हणायचे. परतणाऱ्या माणसाला शिवी नाही की उपदेश नाही. नुसतं त्याच्या डोळ्यांत बघत भजन. पिणारे म्हणायचे, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मी हिंगणघाटची. माझ्या माहेरी मोठ्यानं बोलायची आणि मोठ्यानं हसायची पद्धत. इथे आले तेव्हा पहिलं वर्षभर मी तोंडाला पदर लावूनच हसले, कारण हे घर शिस्तीचं होतं. मामाजींचं बाजारात कापडाचं दुकान. स्वतःच्या अंगावर मात्र फक्त खादी, आणि खांद्यावर पांढरं उपरणं. धंद्याच्या दृष्टीनं त्यांच्यात एकच खोट होती. त्यांना खोटं बोलता येत नसे. गिऱ्हाइकानं विचारलं, "शेटजी, रंग जाईन का?" तर ते म्हणत, "जाईन." "आटन का?" "आटन." माझा नवरा कपाळाला हात लावून म्हणायचा, "बाबा, निदान दोनातल्या एका प्रश्नाले तरी गप्प राहत जा ना."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं. मुलगा पुण्याचा, सूतगिरणीची यंत्रं करणाऱ्या एका कंपनीत, आणि नोकरी स्पेनमध्ये. मामाजींना तो बघताक्षणी आवडला, कारण मुलगी बघायच्या कार्यक्रमात पगार विचारल्यावर त्यानं आधी सांगितला आणि मग म्हणाला, "पण यातले बरेच तिथल्या घरभाड्यातच जातात." असा माणूस मामाजींनी दुसरा पाहिला नव्हता.

पहिल्या दिवाळीला जावईबापू दिवाळसणाला आले. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. त्यांनी चंदेरी कागदात गुंडाळलेली एक लांबट पेटी मामाजींच्या हातात ठेवली. मामाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि लक्ष्मीपुढे ठेवली. आत्याबाईंनी घरात आलेल्या कुठल्याही नव्या वस्तूला लावायच्या तसं तिला हळदी-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. मग मामाजींनी कौतुकानं विचारलं, "काय आहे जी, जावईबापू?"

"वाईन आहे, बाबा. तिकडची. जुनी आहे."

"वाईन म्हणजे?" मामाजी म्हणाले. त्यांना वाईन म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. ते जावयाला उत्तर बदलायची संधी देत होते.

"म्हणजे द्राक्षांची असते."

"द्राक्षाचा रस," आत्याबाई सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाल्या.

"आंबवलेला," जावईबापू म्हणाले. सांगितलं ना, माणूस खरा होता.

बाहेर कुणाची तरी लवंगी माळ तडतडली. नणंदेनं नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढलेला मी पाहिला. तिनं त्यांना आधीच बजावलं होतं की आमच्याकडे पीत नाहीत. पण पुण्यात ज्या ज्या घरांनी त्यांना असं सांगितलं होतं, तिथे नंतर ग्लास निघाले होते, म्हणून त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

"मी परत घेऊन जातो," जावईबापू ओशाळून म्हणाले.

"काऊन?" आत्याबाई म्हणाल्या. "जावयाच्या हातचं, ते बी लक्ष्मीसमोरून उचलून वापस देऊ? आमच्या घरात असं होत नसते."

"अवं, मी अध्यक्ष आहो," मामाजी म्हणाले.

"तुमी बाहेर अध्यक्ष. घरात ते जावई आहेत."

तिथेच निकाल लागला. बाटली राहील, पण तिला कुणी हात लावणार नाही. जावईबापूंनी तिची निगा कशी राखायची ते सांगितलं. ती आडवी ठेवायची, उभी नाही. अंधारात. गारव्यात. हलवायची नाही. बाटलीवर एका जुन्या इमारतीचं चित्र होतं आणि खाली छापलेलं साल माझ्या लग्नाच्याही आधीचं होतं. जावईबापू म्हणाले, "हिला ग्रान रेसेर्वा म्हणतात. म्हणजे आधी लाकडी पिंपात आणि मग बाटलीत, बरीच वर्षं राखून ठेवलेली."

"म्हणजे राखीव," मामाजी म्हणाले. "रेल्वेच्या डब्यासारखी."

स्पेनच्या तळघरात ती कशी झोपत होती ते मला माहीत नाही, पण पुलगावात तिची जी बडदास्त राहिली तशी तिथे राहिली नसावी. आमच्याकडे मे महिन्यात सावलीसुद्धा तापते. आत्याबाईंनी ती माठाखालच्या ओल्या वाळूत आडवी पुरली आणि वर ओलं पोतं टाकलं. सकाळ-संध्याकाळ माठ भरताना त्या पोत्यावरही तांब्याभर पाणी शिंपडायच्या. पावसाळ्यात वाळूला मुंग्या लागल्या म्हणून ती गव्हाच्या कोठीत कडुनिंबाच्या पाल्यात गेली. थंडीत गोधड्यांच्या पेटीत. भांडी घासणाऱ्या बाईला सांगून ठेवलं होतं की ते जावयाचं औषध आहे. मालगाडी गेली की आमच्या फडताळातले पेले किणकिणायचे, म्हणून त्यांनी पेटी रुळांकडच्या भिंतीपासून दूर, दुसऱ्या खोलीत नेली. आणि गावाजवळच्या लष्करी डेपोत कधी जुना दारूगोळा फोडला आणि खिडक्या हादरल्या, की आत्याबाई हातातलं काम टाकून आधी दारूजवळ धावायच्या.

जावईबापूंचा फोन यायचा. आमचा फोन बैठकीत, आणि बैठकीत नेहमी कुणी ना कुणी बसलेलं. त्यामुळे बाटलीला नाव पडलं पाहुणी. आत्याबाई फोनवर ओरडून सांगायच्या, कारण स्पेन लांब होतं: "हाव, पाहुणी बरी आहे! झोपूनच आहे! नाई, उनाचा त्रास नाई, मी पानी मारत असतो!"

व्हायचं तेच झालं. शेजारच्या काकूंनी हे दोन-तीनदा ऐकलं आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आल्या तेव्हा इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "पाहुणी दिसून नाई राह्यली?"

"झोपली आहे," आत्याबाई म्हणाल्या.

"यावेळी? बिमार आहे का?"

"नाई वो. स्पेनची आहे."

काकूंनी समजल्यासारखी मान हलवली आणि जाताना पाहुणीसाठी म्हणून तिळगुळाची एक वेगळी पुडी ठेवली. ती मी खाल्ली.

या सगळ्याचा त्रास झाला फक्त मामाजींना. त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की कुणी विचारलं तर सांगायचं, लपवायचं नाही. "इचारलं तर सांगीन," ते म्हणायचे. पण दारूबंदी समितीच्या अध्यक्षाला, तुमच्या घरी दारू आहे का हो, असं विचारणार कोण? शनिवारी भजनाला बसले की ते समोरच्या माणसाकडे अशा आशेनं बघायचे की पिऊन आलेला माणूस घाबरून सायकल पळवायचा.

अशी काही वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं, आमच्याकडे नव्या बनावटीचा फोन आला, मुलं शाळेत जायला लागली. मग एका पौषात नणंद आणि जावईबापू परत आले. जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी गोधड्यांच्या पेटीतून बाटली काढून बाळंतिणीच्या हातातलं मूल दाखवावं तशी दाखवली. जावईबापूंनी ती उजेडात धरली, तळाशी साचलेला काळपट गाळ पाहिला, बुचाकडे पाहिलं.

"इतके उन्हाळे काढलेत हिनं," ते म्हणाले. "आता एक तर ही फार छान झाली असेल, नाही तर पार बिघडली असेल. पण आणखी ठेवू नका. व्हिनेगर होईल."

"म्हणजे?"

"आंबट होईल. फेकून द्यावी लागेल."

"मग फेकूनच देऊ," मामाजी म्हणाले. "मोरीत ओतू."

"चालेल," जावईबापू म्हणाले. पण ते म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मामाजींनाच बघवेना. आत्याबाईंनी फक्त बाटलीवर पदर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पूजा आटोपून मामाजी बैठकीत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "जिल्ह्यात नाई. कायदा म्हणजे कायदा. पुलाच्या तिकडं नेऊ. ज्याले घ्यायची त्यानं तिकडं घ्यावी. मी बसीन फक्त."

"रोडग्याचं पीठ काढून ठेवलं आहे," आत्याबाई म्हणाल्या. "वांगी बी आनली."

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, आणि त्यांच्यासोबत वांग्याची झणझणीत भाजी. आमच्याकडे नवस फेडायला माणसं रानात जाऊन हे जेवण करतात. म्हणजे गावाला सांगायचं कारण आत्याबाईंनी मामाजींच्या आधीच शोधून ठेवलं होतं.

मुलांना माझ्या माहेरी हिंगणघाटला धाडलं आणि रविवारी सकाळी आम्ही सहा जण मारुती व्हॅनमध्ये बसलो. आत्याबाईंचा बेत होता की बाटली गोवऱ्यांच्या पोत्यात घालावी. जावईबापूंनी ते ऐकून डोळे मिटून घेतले. पण मामाजीच म्हणाले, "लपवायची नाई. लपवली तर ती दारू होते. हातात धरली तर जावयाची भेट आहे." आणि ते पुढच्या सीटवर बाटली मांडीवर उभी धरून बसले, सत्यनारायणाचा कलश धरल्यासारखे.

पुलाच्या अलीकडे पोलिसांची चौकी होती. तिथला हवालदार पलीकडून येणाऱ्यांच्या पिशव्या तपासायचा. जाणाऱ्याला कधी कुणी अडवत नसे. जाणाऱ्याजवळ असणार काय? पण हवालदार मामाजींना ओळखत होता. शनिवारच्या भजनाला सतरंजी टाकायला जागा तोच करून द्यायचा. तो आदरानं गाडीजवळ आला. मागच्या सीटवर मी आणि नणंदेनं एकमेकींचे हात धरले.

"राम राम शेटजी. कुठं चालले? अन हातात काय हाय?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न मामाजींना अखेर भेटला. त्यांचा चेहरा उजळला.

"दारू आहे," ते म्हणाले.

हवालदार हसला. "कोनाची पकडली?"

"कोनाची नाई. आमची आहे. प्यायले चाललो."

माझ्या नवऱ्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. हवालदाराचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं बाटलीकडे पाहिलं, मामाजींच्या खादीकडे पाहिलं, मग पुलाकडे पाहिलं.

"शेटजी," तो म्हणाला, "अख्खं गाव तिकडून इकडं आनते. तुमी इकडून तिकडं काऊन नेऊन राह्यले?"

"कायदा पाळून राह्यलो."

हवालदारानं टोपी काढली. "आत आनली तं काय करायचं ते मले मालूम हाय. पन बाहेर नेली तं..." तो विचारात पडला. "असन काहीतरी कलम. पन ते आजपर्यंत कोनाले लागलंच नाई." मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. "पन शेटजी, बाहेर चालली म्हंजे आधी आत आली असन ना? आत आनली कोनं?"

"जावयानं," मामाजी म्हणाले.

हवालदार वाकला आणि त्यानं खिडकीतून मागे पाहिलं. जावईबापूंनी हात जोडले.

"दिवाळसनाची हाय का?"

"हाव."

हवालदार सरळ झाला आणि त्याचा सगळा आवाजच बदलला. "जावयाचं वापस बी करता येत नाई," तो म्हणाला. "माह्या जावयानं मले बकरी देल्ली. लंगडी. रोज खांद्यावर घेऊन चारतो."

"बकरी बरी," मामाजी म्हणाले.

"जा जी," हवालदार म्हणाला. "पन येतानी रिकाम्या हातानं येजा."

पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला दुकान होतं. सकाळच्या उन्हात बाकांवर काही माणसं चणे खात निवांत बसली होती. त्यांतल्या एकानं आमच्या गाडीत पुढे बसलेले मामाजी पाहिले. "भजन इकडं बी आलं बाप्पा!" तो ओरडला. क्षणात बाकं रिकामी झाली. एक जण ग्लास डोक्यावर धरून तुरीच्या शेतात शिरला. मामाजींना वाईट वाटलं असावं, पण त्यांच्या मिशीच्या टोकाला थोडं समाधानही दिसलं, ते मी पाहिलं.

नदीकाठाला मामाजींच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची आंब्याची बाग होती. तिथे आम्ही उतरलो. आत्याबाईंनी आणि मी गोवऱ्या पेटवल्या, रोडगे निखाऱ्यात टाकले, वांग्याची भाजी चुलीवर चढवली. जावईबापू बाटली झाडाच्या बुंध्याला टेकवून तिच्याजवळ बसले. भाजीला उकळी आली तेव्हा ते एकदम म्हणाले, "बूच काढायचं यंत्र?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. स्पेनमध्ये म्हणे दर घरात ते असतं, चमच्यांच्या खणात. आमच्या घरात पोहे चाळायची चाळणी होती, शेवया करायचा सोऱ्या होता, कुरडयांचा होता, पण बूच काढायचं यंत्र नव्हतं. माझ्या नवऱ्यानं गाडीच्या आरशाचा एक स्क्रू काढला, पेचकसानं तो बुचात फिरवला आणि पकडीनं ओढायला लागला. बाटली जावईबापूंनी पायांत धरलेली, नणंदेनं मागून जावईबापूंना धरलेलं. अर्धं बूच निघालं. राहिलेलं अर्धं भुसा होऊन आत पडलं.

"गाळावी लागेल," जावईबापू म्हणाले.

गाळणी कुणी आणली नव्हती. आत्याबाई उठल्या आणि दूर पाठमोऱ्या बसलेल्या मामाजींच्या खांद्यावरचं उपरणं त्यांनी न विचारता ओढून घेतलं.

"अवं, अवं!"

"स्वच्छ आहे. कालच धुतलं."

आणि अशा तऱ्हेनं दारूबंदी समितीच्या अध्यक्षांच्या खादीच्या उपरण्यातून स्पेनची ती राखीव वाईन पितळी पातेल्यात उतरली. जावईबापू म्हणाले, रंग काचेच्या ग्लासात पाहतात. काचेचा ग्लास नव्हता, पण उपरण्यावर तो स्पष्ट दिसत होता. मला वाटलं होतं लालभडक असेल. तसा नव्हता. मधोमध गडद आणि कडेला विटकरी, वाळलेल्या डाळिंबाच्या सालीसारखा.

पातेल्यातून ती स्टीलच्या छोट्या पेल्यांत ओतली. जावईबापूंनी शिकवलं: पेला आधी गोल फिरवायचा, मग नाक आत घालायचं, घाई करायची नाही. माझ्या नवऱ्यानं पेला फिरवला तो थेट शर्टावर. मी नाक आत घातलं. पहिल्यांदा नुसताच तीव्र वास आला आणि डोळ्यांत पाणी आलं. थांबले. मग आतून एकेक वास यायला लागले, जणू अंधाऱ्या खोलीत डोळे सरावत जावेत तसे. पिकून फुटलेलं जांभूळ. नव्या चपलेचं चामडं. लाकडी पेटी उघडल्यावर येतो तो वास. आणि सगळ्यांच्या खाली काहीतरी अगदी ओळखीचं, जे मला सापडेना. मग सापडलं: माहेरी कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात पाऊस येऊन गेल्यावर ओल्या पोत्यांचा जो वास यायचा, तो. स्पेनच्या बाटलीत हिंगणघाटचं आवार निघालं म्हणून मला हसू आलं, आणि मी पदर न लावता हसले.

"काय झालं वहिनी, चढली का?" नणंद म्हणाली.

"अजून प्यायली कुठं?"

मग घोट घेतला. चव म्हणाल तर पहिल्यांदा फसगतच झाली. मला वाटलं होतं वासाइतकीच रसाळ असेल. ती निघाली कोरडी, आंबटसर आणि तुरट; कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ ओढली जाते तशी जीभ ओढली गेली. मी तोंड वाकडं केलं. जावईबापू म्हणाले, "आता भाजीसोबत." वांग्याची तिखट भाजी आणि तुपात बुडवलेला रोडगा खाल्ला आणि वर दुसरा घोट घेतला, तेव्हा काय घडलं कुणास ठाऊक, तोच तुरटपणा मऊ झाला आणि मागे जुन्या चिंचेसारखी एक गोडसर चव बराच वेळ रेंगाळत राहिली. तिखटानं मात्र तोंड दुप्पट पेटलं. मला ती आवडली का, तर तेव्हा सांगता आलं नसतं. पण पेला रिकामा झाला होता.

"बिघडली नाही," जावईबापू डोळे मिटून म्हणाले. "माठाच्या वाळूत राहून बिघडली नाही. तिकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही."

मग सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी एका दमात पेला संपवला होता. जिभेनं टाळूवर दोनदा टक टक करून त्या म्हणाल्या, "द्राक्षासव आहे. साकर टाकाले इसरले."

द्राक्षासव म्हणजे अशक्तपणावर देतात ते आयुर्वेदिक औषध. वैद्यांच्या दुकानातून मामाजी स्वतः त्यांना आणून द्यायचे. जावईबापूंनी उत्सुकतेनं विचारलं, "तुम्ही घेता का रोज?"

"घेतो ना. दोन चमचे सांगतले वैद्यानं." त्या पातेल्याकडे सरकल्या आणि त्यांनी आपला पेला पुन्हा भरून घेतला. "चमच्यानं मले समजत नाई. मी वाटीनं घेतो. इतकी वर्षं झाली."

"आई, त्यात पण थोडं अल्कोहोल असतं," जावईबापू म्हणाले. खरं बोलायचं दुखणं त्यांना इथेही आवरलं नाही. "आंबवूनच करतात ते."

पाठमोरे बसलेले मामाजी सावकाश वळले. दर महिन्याला स्वतःच्या हातानं, खादीच्या पिशवीतून, शनिवारच्या भजनाच्या वाटेवर त्यांनी जे काय घरी आणलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं.

"वाटीनं?" ते म्हणाले.

"लहान वाटी," आत्याबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसता हसता झाडाला टेकल्या, नणंद हसली, मी हसले, माझा नवरा डागाळलेल्या शर्टानं गवतावर लोळला. हसले नाहीत ते फक्त मामाजी. ते उठून आमच्यात येऊन बसले. पातेल्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "ज्याच्या विरोधात आपन भजन म्हनतो ते काय आहे, हे तरी माहीत पाहिजे. नाई का?"

"तुमची इच्छा, बाबा."

मामाजींनी पेला घेतला नाही. त्यांनी उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे धरला, देवळात तीर्थाला धरतात तसा. जावईबापूंनी चमच्यानं त्यात थोडी वाईन घातली. मामाजींनी डोळे मिटून ती ओठांना लावली, गिळली, आणि सवयीनं ओला हात डोक्यावरून फिरवला.

मी पुन्हा पदर तोंडात कोंबला.

"काय वाटलं?" जावईबापूंनी विचारलं.

मामाजींनी विचार केला. खोटं तर त्यांना बोलता येत नव्हतं. "कडू आहे," ते म्हणाले. "अन तुरट आहे. एवढ्यासाठी माणूस उन्हातान्हात पूल ओलांडून येतो म्हंजे त्याच्या घरी काहीतरी जास्त कडू असन." मग तळवा नाकाशी नेऊन म्हणाले, "वास चांगला आहे."

परतताना चौकीवर हवालदारानं गाडीत डोकावून पाहिलं. सगळ्यांचे हात रिकामे होते. आत्याबाई मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या आणि झोपेतच हसत होत्या. "नवस फिटला वाटते," तो म्हणाला आणि गाडी सोडली.

पुढच्या बैठकीत मामाजींनी उभं राहून समितीला सगळं सांगितलं. बाटली, माठ, पूल, तळव्यावरचं तीर्थ, सगळं. द्राक्षासवाचंही सांगितलं. उपरण्यावरचा डाग काही केल्या गेला नव्हता, तोही दाखवला. मग राजीनामा दिला. कोषाध्यक्षांनी घसा खाकरून विचारलं, "अध्यक्षसाहेब, पन लागते कशी?" मामाजींनी सांगितलं. सगळे पुढे सरकून ऐकत होते. मग राजीनामा नामंजूर झाला, कारण शनिवारी पुलावर बसायला दुसरा कुणी अध्यक्ष तयार नव्हता.

भजन चालू राहिलं. फरक एवढाच पडला की मामाजी मधेच भजनाची पेटी थांबवून परतणाऱ्या एखाद्या माणसाला जवळ बसवायला लागले. "घरी काय झालं?" असं विचारायचे. काही जण सांगायचे. एक-दोघांनी खरंच सोडली. बाकीच्यांनी दुसऱ्या रस्त्यानं यायला सुरुवात केली, पण तो रस्ता फार लांबचा होता, म्हणून तेही काही दिवसांनी परत पुलावर आले आणि सतरंजीच्या कडेला बसायला लागले. आत्याबाईंचं द्राक्षासव मात्र मामाजींनी स्वतःच्या ताब्यात घेतलं. रोज रात्री चमच्यानं मोजून द्यायचे. आत्याबाई मुकाट्यानं घ्यायच्या. वैद्यांचं दुकान घरापासून लांब नव्हतं आणि त्यांना चालायची सवय होती, याहून जास्त मी काही सांगणार नाही.

त्यानंतरच्या दिवाळीला जावईबापूंनी पुन्हा एक पेटी आणली. या वेळी मामाजींनी ती कपाळाला लावायच्या आधी, हातात धरूनच विचारलं, "हे कोनत्या जिल्ह्यात प्यायचं आहे?"

"हे तेल आहे, बाबा. ऑलिव्हचं. सॅलडवर घालतात."

आत्याबाईंनी झाकण उघडून वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चाखला, आणि बाटली देवघरात न ठेवता उचलून सरळ आपल्या खोलीत नेली. पुढचे दोन हिवाळे त्यांनी ते गुडघ्यांना चोळलं. फोनवर जावईबापूंनी विचारलं की त्या ओरडून सांगायच्या, "फार गुण आहे जी! आता जिना चढतो!"